साध्या गिटारला जुना सिंथ पिकअप : जीके-२ए, १३ पिना, २४ पिना आणि मधली भानगड

खर्ज (धागाकर्ता)

रोलँड कंपनीच्या जुन्या गिटार-सिंथच्या (गिटारच्या तारांवरून सिंथेसायझरचे आवाज काढणाऱ्या) पेट्या सेकंडहँडमध्ये दिसतात, पण त्यांच्या जोडीची गिटार बहुतेकदा आधीच वेगळी विकली गेलेली असते. मग घरातल्या साध्या इलेक्ट्रिक गिटारला त्या पेटीचा पिकअप (तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) लावता येईल का, हा प्रश्न वरचेवर येतो. लावता येतो. चिकटवायला दहा मिनिटं पुरतात, बाकी सगळा वेळ मिलिमीटर जुळवण्यात जातो. त्या मिलिमीटरांसाठी हा धागा.

नेहमीचा पिकअप सहाही तारांचा मिळून एकच सिग्नल देतो. त्यात कुठला सूर कुठल्या तारेचा, हे सिंथला वेगळं काढता येत नाही. म्हणून सिंथच्या पिकअपमध्ये एका अरुंद पट्टीत सहा स्वतंत्र कॉइल असतात आणि प्रत्येक तारेचा सिग्नल आपल्या वेगळ्या वायरने पेटीपर्यंत जातो.

घेण्याआधी पिढी ओळखा, कारण इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

२४ पिनी : १९७७ची जीआर-५००, १९८०ची जीआर-३००, १९८४ची जीआर-७०० आणि त्यांच्या गिटारी (जीएस-५००, जी-३०३, जी-८०८, जी-५०५, जी-२०२, जी-७०७). ॲम्फेनॉल धाटणीचा रुंद कनेक्टर.

१३ पिनी : जीके-२, जीके-२ए, जीके-३ हे पिकअप आणि जीआर-५०, जीआर-१, जीआर-३०, जीआर-३३, जीआर-५५, व्हीजी-८, व्हीजी-९९ या पेट्या. गोल डिन कनेक्टर.

२०२३ला आलेला जीके-५ तिसऱ्याच जातीचा आहे. त्यात सहा तारांचा सिग्नल गिटारमध्येच डिजिटल होतो. जुन्या १३ पिनी पेटीला तो थेट लागत नाही, मध्ये जीकेसी-डीए हा बदलडबा लागतो.

या धाग्यात मुख्यतः जीके-२ए धरू. तो पुरेसा जुना आहे, मिळतो, आणि त्याचा कंट्रोलर (पिकअपसोबत गिटारवर लागणारा डबा) उघडून आतला बोर्ड गिटारच्या पोटातही बसवता येतो.

आता जागा. सिंथचा पिकअप पूल (शरीरावर तारा जिथे टेकतात तो ब्रिज) आणि पुलाकडचा नेहमीचा पिकअप यांच्यामध्ये बसतो, पुलाला जितका चिकटून तितका बरा. सॅडलपासून (पुलावर तार टेकते तो तुकडा) २० मिमीच्या आतच. त्याहून पुढे सरकला की तारेचा झोका मोठा होतो, शेजारची तार आपल्या कॉइलमध्ये डोकावते आणि एक सूर छेडला की दोन वाजतात.

उंची अशी लावा : पहिली आणि सहावी तार शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या शेवटच्या धातूच्या पट्टीवर) दाबून धरा, तार आणि पिकअपचा माथा यांत १ मिमी ठेवा. फीलर गेज नसेल तर १ मिमीची प्लेक्ट्रम सरकवून बघा, घासून पण न अडकता गेली पाहिजे. तार न दाबता मोजू नका. वरच्या फ्रेटवर वाजवताना तार खाली येते आणि पिकअपवर आपटते, तो टकटक आवाज सिंथ इमानेइतबारे सूर म्हणून वाजवतो.

आणि एक : ड्रिल हातात घेण्याआधी सगळं टेपवर लावून पूर्ण तपासा. अपवाद नाही.

बाविसावा फ्रेट

उत्तम धागा. माझ्याकडे एक लेस पॉल धाटणीची आहे आणि एक स्ट्रॅट धाटणीची, व्हिंटेज सहा स्क्रूंचा ट्रेमोलो (दांड्याने हलणारा पूल) असलेली. दोन्हींपैकी कुठली धरावी? पिकअपची लांबी दोन्हींना चालेल का? आणि फिनिशचं काय, डबल टेपने रंग निघेल?

खर्ज

@बाविसावा फ्रेट, उत्तर पुलावरच्या तारांच्या अंतरात आहे. पहिल्या तारेच्या मध्यापासून सहावीच्या मध्यापर्यंत मोजा. आधुनिक दोन खुंट्यांच्या स्ट्रॅट पुलावर ते साधारण ५२.४ मिमी भरतं, व्हिंटेज सहा स्क्रूंच्या पुलावर ५६.४ मिमी. म्हणजे ५२ मिमीच्या आसपास आखलेल्या पट्टीवर व्हिंटेज पुलाच्या कडेच्या दोन तारा आपापल्या कॉइलच्या मध्यापासून प्रत्येकी २ मिमी बाहेर जातात. वाजतं, पण पहिली तार बाहेरच्या बाजूला ओढली की आवाज पडतो. लेस पॉलवरच्या ट्युनोमॅटिक पुलाचं अंतर ५० ते ५२च्या घरात असतं, तिथे ही अडचण नाही.

लेस पॉलची अडचण वेगळी. हंबकरची (दोन कॉइलच्या नेहमीच्या पिकअपची) रिंग आणि पूल यांत जागा अरुंद. कागदाची पट्टी पिकअपच्या रुंदीएवढी कापून तिथे ठेवून पाहा, मगच पुढचं बोलू. खोलीचा प्रश्न तिथे नाही, कारण मान तिरकी असल्याने तारा शरीरापासून उंच असतात आणि खाली पाचर देऊन पिकअप उचलावाच लागतो. स्ट्रॅटचं उलट. लांबी-रुंदीला जागा भरपूर, खोली कमी. व्हर्नियरने पिकअपची जाडी मोजा, त्यात १ मिमी आणि टेपची जाडी मिळवा. तार दाबल्यावरचं अंतर त्याहून कमी भरलं तर पिकअपखालचा पिकगार्डचा (शरीरावरच्या प्लास्टिकच्या ताटलीचा) पट्टा कापावा लागेल किंवा सॅडल उचलावे लागतील.

टेली (टेलिकास्टर) विचारली नाहीत, पण सांगून ठेवतो. पुलाकडचा पिकअप लोखंडी ताटलीतच असतो, त्यामुळे सॅडल आणि तो पिकअप यांत पट्टी मावणं कठीण. पहिल्यांदाच करणाऱ्याने टेलीच्या वाटेला जाऊ नये.

फिनिश पॉली असेल तर डबल टेप चालते, काढताना हेअर ड्रायरने कोमट करा. नायट्रो लाखेवर मात्र टेप लावूच नका, लाख मऊ होऊन टेपसोबत येते.

कथिल आणि फ्लक्स

वळणाचा मुद्दा राहिला. फ्रेटबोर्डची त्रिज्या ९.५ इंच असेल तर मधल्या तारा कडेच्या तारांपेक्षा सुमारे १.३ मिमी वर असतात. ७.२५ इंचाला हा फरक पावणेदोन मिमीच्या आसपास जातो, १२ इंचाला साधारण १.१. तुमच्या पिकअपच्या माथ्याला किती वळण आहे ते स्टीलची पट्टी आडवी ठेवून बघा. वळण कमी असेल तर तिसरी आणि चौथी तार कायम लांब राहणार. हा फरक पिकअप उचलून भरून काढू नका, कडेच्या तारा आपटायला लागतील. पेटीवर प्रत्येक तारेची सेन्सिटिव्हिटी वेगळी लावता येते, तिथे भरून काढा. जोरात वाजवताना मीटर शेवटच्या खुणेच्या जेमतेम आत राहील, इतकी.

आता पिना. १३ पिनी जोडणी अशी :

१ ते ६ : पहिल्या (बारीक) तारेपासून सहाव्या तारेपर्यंत, क्रमाने
७ : गिटारच्या नेहमीच्या पिकअपचा सिग्नल
८ : सिंथ व्हॉल्यूम. हा ऑडिओ नाही, ० ते ५ व्होल्टचं डीसी आहे
९ : रिकामी
१० आणि ११ : एस-१, एस-२ ही दोन बटणं
१२ : +७ व्होल्ट
१३ : -७ व्होल्ट
कवच : ग्राउंड

यातल्या दोन गोष्टी अधोरेखित करतो. ग्राउंडला स्वतंत्र पिन नाही, ती धातूच्या कवचातून जाते. केबलच्या जाळीची टोकं कवचाला नीट जोडलेली नसतील तर सगळ्या तेरा पिना ठीक असूनही गिटार मुकी राहते किंवा नुसती गुणगुणते. दुसरं, सॉकेटवरचे आकडे समोरून वाचायचे की सोल्डरच्या बाजूने, हे आधी नक्की करा. आकृती समोरून काढलेली आणि तुम्ही मागून कथिल लावताय, असं झालं की सगळं आरशातल्यासारखं उलटतं, आणि ±७ व्होल्ट नको त्या पिनेवर जातात. प्लास्टिकवर कोरलेला आकडा भिंगाने वाचा, आकृतीच्या भरवशावर राहू नका.

गिटारमध्ये बॅटरी लागत नाही, वीज पेटीकडूनच येते. म्हणून पेटी बंद करूनच केबल लावा आणि काढा.

मडगावकर

कथिलराव, पिनांची यादी जपून ठेवण्यासारखी. भर घालतो ती जॅकबद्दल, कारण जुन्या जीके-२एमध्ये पिकअपच्या आधी जॅक मरतो.

१३ पिनी सॉकेट बोर्डावर थेट सोल्डर केलेलं असतं. केबल जाड आणि जड, तिचा सगळा भार त्या सांध्यांवर. वाजवता वाजवता एखाद्या पिनेभोवती सोल्डरला केसासारखी गोल भेग पडते. लक्षण असं, की केबल हलवली की एकच तार जाते आणि येते. भिंगाखाली पाहिलं की पिनेभोवती काळपट कडं दिसतं. उपाय सोपा आहे : जुनं कथिल सोल्डर विकने पूर्ण उचला, फ्लक्स लावा, नवीन सोल्डर भरा. जुन्यावरच नवीन थापू नका, भेग आत तशीच राहते. २५ वॅटचं बारीक टोकाचं आयर्न पुरे. शेजारच्या पिना इतक्या जवळ असतात की जाड टोकाने दोन पिना सोल्डरने जुळणारच.

नंतर केबल गिटारच्या खांद्यावरच्या पट्ट्याच्या आतून एक वळसा देऊन जॅककडे न्या. भार पट्ट्याने घेतला पाहिजे.

आमच्याकडच्या खाऱ्या दमट हवेत आणखी एक : स्लाइड स्विच आणि व्हॉल्यूम पॉट यांच्यावर हिरवट थर धरतो. पॉट खरखरला की साध्या गिटारमध्ये नुसती खरखर ऐकू येते. इथे पिन ८चं व्होल्टेजच उड्या मारतं, त्यामुळे सिंथचा आवाज मध्येच गायब होतो आणि माणूस पिकअपला दोष देत बसतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पॉट वीसेक वेळा पूर्ण फिरवा. बदलायचाच असेल तर जुन्यावर छापलेली किंमत वाचून तीच घ्या, आणि लिनिअर घ्या. ऑडिओ टेपरचा घातला तर सगळी चढउतार शेवटच्या पाव फेऱ्यात येते.

एडिसनचा बल्ब

हे सगळं जीके-२एपुरतं ठीक. पण शीर्षकात 'जुना' म्हटलंय तर खरी मजा २४ पिनांत आहे. जीआर-३०० मिडी (सुराचा आकडा करून पाठवणं) करतच नाही. प्रत्येक तारेमागे ॲनालॉग ऑसिलेटर (सूर निर्माण करणारी मंडलं) आहेत आणि ते तारेच्या कंपनालाच धरून चालतात. आधी सूर ओळखा, त्याला आकडा द्या, मग आवाज काढा, हा फेरा नाही. म्हणूनच पॅट मेथिनीसारखा वादक जी-३०३ आणि जीआर-३०० इतकी वर्षं धरून राहिला. मिडीवाल्या पेट्यांत खालच्या तारेवर जो उशीर जाणवतो, तो इथे नाही.

१३ पिनी घालून वर जीआर-३०० जोडणं म्हणजे अर्धंच काम. एसटीके-१ नावाचं रोलँडचं २४ पिनी किट होतं, ते शोधा. स्टाइनबर्गर आणि हेमरने त्या काळी कारखान्यातूनच २४ पिनी इलेक्ट्रॉनिक्स घालून गिटारी दिल्या होत्या, म्हणजे 'साध्या' गिटारमध्ये ते बसतं हे सिद्ध आहे.

खर्ज

@एडिसनचा बल्ब, आवाजाबद्दल वाद नाही. उशिराचं गणित मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सहावी मोकळी तार ८२.४ हर्ट्झ, तिचं एक आवर्तन १२.१ मिलिसेकंद. पहिली मोकळी ३२९.६ हर्ट्झ, आवर्तन ३ मिलिसेकंद. सूर ओळखायला किमान एक आवर्तन तरी पाहावं लागतं, आणि तार छेडल्यावरचा पहिला क्षण खडखडाटाचा असतो, तो सोडून द्यावा लागतो. त्यामुळे खालच्या तारेवर मिडी मागे पडणारच, पिकअप कितीही नीट बसवा. खर्जात भरभर वाजवायचं असेल तर तेच सूर वरच्या तारांवर वाजवून पेटीत एक सप्तक खाली उतरवणं हा व्यवहारी तोडगा.

पण एसटीके-१ आज शोधायचं, मिळालं तर लाकूड कोरायचं, २४ पिनांची केबल पैदा करायची, आणि बिघडलं तर सुटे भाग शून्य. उलट जीके-२ए लावलेली तीच गिटार १३ पिनी सगळ्या पेट्यांना चालते आणि मध्ये १३ पिनीवरून २४ पिनीवर नेणारा जोडडबा टाकला तर २४ पिनी पेटीलाही.

एडिसनचा बल्ब

जोडडबा मान्य, पण काय गमावता तेही लिहा. जी-३०३वर फिल्टरचा कटऑफ, रेझोनन्स (आवाजाचा उजळपणा आणि धार) आणि व्हायब्रेटोची खोली यांना गिटारवरच नॉब आहेत, त्यांच्या वायरी २४ पिनांतून पेटीत जातात. १३ पिनांत एक व्हॉल्यूमचं व्होल्टेज आणि दोन बटणं, बस्स. कटऑफला वायरच नाही. वाजवता वाजवता करंगळीने फिल्टर उघडणं हे या पेटीचं निम्मं वादन आहे. ते जातं.

खर्ज

हे बरोबर आहे आणि नेमकं आहे. ज्याला जीआर-३००च वाजवायची आहे आणि दुसरं काही नको, त्याने पैसे साठवून जी-२०२ किंवा जी-५०५ घ्यावी. घरच्या गिटारला किट ठोकण्यापेक्षा ते स्वस्तात पडेल आणि लाकूडही वाचेल. ज्याला एक गिटार आणि पाच पेट्या हव्यात, त्याला १३ पिना.

पेडलवेडा

जीआर-३००चा विषय निघालाय म्हणून मध्येच सांगतो : जपानहून येणाऱ्या पेट्या १०० व्होल्टच्या असतात. मागचं लेबल वाचल्याशिवाय आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावू नका. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, पेटीच्या वॅटच्या किमान दुप्पट क्षमतेचा. आणि बाहेरचा अडॅप्टर लागणाऱ्या पेट्यांत सगळ्यांना डीसी लागत नाही. जीआर-३३ला एसी बाहेर देणारा अडॅप्टर लागतो. पिन आकाराने बसली म्हणून पेडलचा ९ व्होल्टवाला खुपसू नका.

माझा प्रश्न : १३ पिनी केबल पेटीला आणि साधी केबल ॲम्पला, अशा दोन्ही एकाच वेळी लावल्या की घुंई होते. पेटी आणि ॲम्प दोन वेगवेगळ्या बोर्डांवर आहेत. एका प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकू का?

कथिल आणि फ्लक्स

@पेडलवेडा, अर्थिंगची पिन काढायची नाही. कधीच नाही. ॲम्पमध्ये उद्या काही शॉर्ट झालं तर तो प्रवाह जायला तुमच्या हातातल्या तारांशिवाय वाट उरत नाही, कारण गिटारच्या तारा ग्राउंडलाच जोडलेल्या असतात.

तुमच्याकडे ग्राउंडचं वर्तुळ झालंय : गिटार ते पेटी ते भिंत, आणि गिटार ते ॲम्प ते भिंत. आधी दोन्ही उपकरणं एकाच एक्सटेन्शन बोर्डावर घ्या, बरंचसं कमी होईल. मग साधी केबल काढूनच टाका. गिटारचा नेहमीचा आवाज पिन ७मधून पेटीत जातोच आहे, पेटीला गिटार आउट असेल तर तिथून ॲम्पला द्या. तरीही दोन वाटा हव्याच असतील तर ॲम्पच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स घाला आणि त्याचं ग्राउंड लिफ्ट वापरा. लिफ्ट सिग्नलचं, विजेचं नाही.

बाविसावा फ्रेट

स्ट्रॅट धरायचं ठरलं. टेपवर लावून पाहिलं, पाच तारा नीट, चौथी मेली. पेटीच्या मीटरवर हलतच नाही. पिकअप गेला म्हणायचा का?

मडगावकर

@बाविसावा फ्रेट, थांबा. क्रमाने जा, स्वस्तातून महागाकडे.

पहिली केबल. मल्टिमीटर बझरवर, दोन्ही टोकांची पिन ४ ते पिन ४ तपासा. तपासताना केबल दोन्ही टोकांना वाकवून बघा, तुटलेली वायर सरळ धरली की चिकटते. दुसरा जॅकचा सांधा, वर लिहिलंय तसा. तिसरं, कंट्रोलर उघडून पिकअपची वायर जिथे बोर्डात लागते तो कनेक्टर काढून पुन्हा बसवा. चौथं, कनेक्टर काढलेला असतानाच सहाही कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. आकडा किती हे महत्त्वाचं नाही, सहाही एकमेकांच्या जवळ आले पाहिजेत. पाच सारखे आणि चौथा अनंत दाखवत असेल तर एकतर कॉइल तुटली, नाहीतर पिकअपमधून वायर बाहेर पडते त्या वाकणावर वायर तुटली. वाकण हाताने दाबून मोजा. मधूनच आकडा आला तर नशीब : इन्सुलेशन उकलून जोडता येतं. कॉइलच तुटली असेल तर नाद सोडा, आतलं सगळं राळेत घट्ट असतं.

कॉइल ठीक आणि तरीही चॅनेल मेलेलं, तर बोर्डावरचा त्या तारेचा ऑप-ॲम्पचा (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचा) भाग. तिथे जाण्याआधी पिन १२ आणि १३वर कवचाच्या सापेक्ष +७ आणि -७ येतंय का पाहा.

बाविसावा फ्रेट

वायरचं वाकण निघालं. दाबलं की चौथी येते. धन्यवाद मडगावकर!

आता पोटात बसवायचं म्हणतो. स्ट्रॅटच्या पिकगार्डखाली मावेल?

कथिल आणि फ्लक्स

बोर्ड, १३ पिनी जॅक, व्हॉल्यूम पॉट, तीन स्थितींचा स्विच, दोन बटणं, एवढं मावायला हवं. पिकगार्ड उघडून कप्पा एकसंध आहे की तीन वेगळ्या खोबणी आहेत ते आधी बघा. एकसंध असेल तर बोर्ड पिकअपांच्या मधल्या जागेत बसण्याची शक्यता आहे. तीन खोबणी असतील तर राउटरचं काम आलं. स्ट्रॅटचं शरीर साधारण ४४.५ मिमी जाड असतं, मागच्या बाजूला ट्रेमोलोच्या स्प्रिंगांचा कप्पा आहे हे विसरू नका. खालून येणारा आणि वरून येणारा कप्पा यांच्यात किमान ६ मिमी लाकूड राहिलं पाहिजे. राउटर एका फटक्यात खोल घालायचा नाही, दर फेरीला ३ मिमी.

बसवण्याचा क्रम :

कप्प्याला तांब्याची चिकट टेप लावा, सगळे तुकडे एकमेकांना सोल्डरच्या ठिपक्याने जोडा (खालचा गोंद विजेला नेतोच असं नाही) आणि तो सगळा थर एकाच जागी ग्राउंडला न्या. मग बोर्ड बसेल तिथे तांब्यावर जाड इन्सुलेशनचा कागद किंवा प्लास्टिकची चादर चिकटवा. हे राहिलं की बोर्डाच्या मागचा एखादा सांधा तांब्याला टेकतो आणि ७ व्होल्ट थेट ग्राउंडला जातात. नशीब बरं असेल तर पेटी स्वतःला वाचवते.

जॅकसाठी लाकडात नुसतं भोक नको. २ मिमी ॲल्युमिनियमची ताटली कापा, जॅक तिच्यावर कसा आणि ताटली चार स्क्रूंनी लाकडात. ताटलीच्या भोकातून केबलची कुलुपाची कळ दाबता येते का, हे लाकूड कोरायच्या आधी केबल घालून बघा.

नेहमीच्या पिकअपची गरम वायर गिटारच्या व्हॉल्यूम पॉटच्या आउटपुटवरून घ्या. साधा जॅक तसाच ठेवा, सिंथ नसताना गिटार गिटारच राहते.

बोर्ड जोडण्याआधी नुसता जॅक केबलने पेटीला लावा आणि १२, १३ मोजा. बरोबर आलं तर पेटी बंद करून बोर्ड जोडा. मग स्विच सिंथवर ठेवून व्हॉल्यूम पूर्ण फिरवा, पिन ८वर ० ते ५ व्होल्ट सरकलं पाहिजे.

तांब्याची टेप, स्लीव्ह, बारीक सोल्डर हे पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं. १३ पिनी डिन सॉकेट मात्र जुन्या जीके-२एचंच काढून वापरा. दुकानात '१३ पिन डिन' म्हणून जे हातात ठेवतील, त्याची पिनांची मांडणी केबलशी जुळवल्याशिवाय घेऊ नका.

स्वरमंडळ

नायलॉनच्या गिटारला हे चालेल का? आणि फ्लॉइड रोझ (दांड्याने पुढेमागे झुकणारा पूल) असलेल्या गिटारला?

खर्ज

@स्वरमंडळ, नायलॉनला नाही. हा चुंबकी पिकअप आहे, समोर लोखंड लागतं. नायलॉनसाठी सॅडलमध्ये बसणारे सहा वेगळे पिएझो (दाबावरून सिग्नल देणारे सेन्सर) लागतात, आरएमसी किंवा ग्राफ टेक घोस्टचे, सोबत १३ पिनी बोर्ड. गोदाँच्या मल्टिॲक गिटारींत असंच असतं. पिएझोची खोड वेगळी : ते शरीरावरची थापही उचलतात, तळहात पुलावर ठेवून वाजवणाऱ्याला त्रास होतो.

फ्लॉइडला लागतो, पण पूल पुढे झुकवला की तारा पिकअपपासून लांब जातात, मागे ओढला की जवळ येतात. त्यामुळे १ मिमीचं माप पूल समतोल असतानाचं ठेवा आणि डाइव्हच्या (दांडा दाबून सूर खाली उतरवण्याच्या) वेळी सिंथ भलतेच सूर ओरडेल हे धरून चाला. पेटीत बेंडची (सूर सरकवण्याची) कक्षा वाढवून थोडं सावरतं, खोल डाइव्हला नाही.

बाविसावा फ्रेट

बसवून झालं, सगळ्या तारा येतात. व्हीजी-९९वर मॉडेल आवाज (इतर गिटारींची नक्कल) मात्र पातळ आणि विचित्र. मीटर बरोबर आहेत.

कथिल आणि फ्लक्स

सिस्टीममध्ये जीकेची सेटिंगं बघा. स्केल (तारेची मोकळी लांबी, मिमीमध्ये) ६४८ ठेवा (लेस पॉलवाल्यांनी ६२८), आणि पिकअप ते पूल हे अंतर प्रत्येक तारेचं वेगळं मोजून मिमीमध्ये भरा. सॅडल पुढेमागे असतात, म्हणून सहाही आकडे सारखे येणार नाहीत. ते मॉडेलिंग या अंतरावरच उभं आहे, कारखान्याचा आकडा ठेवला की हार्मोनिक्स चुकीच्या जागी कापले जातात. मग पिकअपची दिशा आणि फेज. साधा पिकअप आणि मॉडेल एकत्र वाजवल्यावर आवाज भरायच्या ऐवजी पोकळ झाला तर फेज उलटा करा.

एवढ्यानेही सहावी तार अडखळत असेल तर तारा बदला आणि इंटोनेशन (सॅडल सरकवून मानेभर सूर जुळवणं) पुन्हा लावा. मेलेल्या तारेचे हार्मोनिक्स मूळ सुराशी जुळत नाहीत, कान ते पोटात घालतो, पेटी घालत नाही. तारांची जाडी बदललीत तर सेन्सिटिव्हिटीही पुन्हा.

बाविसावा फ्रेट

अंतरं भरली, पहिलीचं १४ आणि सहावीचं १८ आलं. पोकळपणा फेज उलटल्यावर गेला. चौथीच्या वायरीवर स्लीव्ह चढवून वाकणाशी गरम गोंदाचा थेंब ठेवलाय, चालेल ना?

मडगावकर

गरम गोंद उन्हात गाडीत मऊ होतो. सिलिकॉनचा थेंब ठेवा, तोही आंबट वासाचा नको, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं बघून घ्या.